पंच्याखालची बोटं

बाबा,

रविवारची दुपार आहे. वाशीच्या नव्या फ्लॅटची गॅलरी. खाली अजून धड रस्ता नाही, नुसती मातीची भरणी आणि तिच्या पलीकडून येणारा खाडीचा खारट वारा. आई आत झोपली आहे. तुम्ही पाटावर बसला आहात, मी दाराच्या पट्टीवर, आणि आपल्या मध्ये सुपात लसूण. गाळ्यावर गड्डे फुटून सुट्या झालेल्या पाकळ्या, ज्या विकल्या जात नाहीत आणि घरी नेल्या तर शेठ काही म्हणत नाही. बोलता बोलता तुम्ही खांद्यावरचा पंचा काढता, आपल्या दोघांच्या हातांवर टाकता आणि खालून माझी तीन बोटं दाबता. म्हणजे अजून तीन मुठी सोल, मग तुला सुट्टी. मी तुमचं एक बोट दाबते. मी तुमचा बाप काढल्यासारखी तुम्ही मान हलवता आणि दोन बोटं धरता. मी थोडा वेळ हात तसाच ठेवते, कारण घाईनं हो म्हणणाऱ्याला बाजारात कुणी विचारत नाही हे तुम्हीच शिकवलंय. मग मी तुमचा सगळा पंजा धरते. पंजा धरला की सौदा झाला. आतून आई ओरडते, "बापलेकीचा बाजार उठला असेल तर चहा टाका कुणीतरी."

तो पंचा अजून माझ्याकडे आहे. विरून जाळी झालाय, मधोमध दोन ठिकाणी माझ्या हातचं रफू आहे. आणि परवाच्या रविवारी त्याच पंच्याखाली मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा केला. तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सरळच सांगते. माझ्यानंतर माझा मेंदू संशोधनाला द्यायचा असं मी ठरवलं आहे. इथल्याच एका संस्थेत म्हातारपणी मेंदूचं काय होतं, आठवण कशी राहते नि कशी जाते, आणि मनाच्या उदासीचा त्यात हात किती, यावर काम चालतं. तिथं मी गेली काही वर्षं जाते. माझ्या परीक्षा घेतात, त्या गुहेसारख्या मशीनमध्ये झोपवून डोक्याचे फोटो काढतात. सही मी केव्हाच केली. पण मेलेल्या माणसाला फोन करता येत नाही. माझा श्वास थांबल्यावर काही तासांच्या आत कुणीतरी त्यांना कळवायला हवं, आणि ते करायचं माझ्या मुलानं. तो नाही म्हणाला तर माझ्या सहीचा कागद शेव बांधायलासुद्धा कामाचा नाही. आणि तो कितीतरी महिने ना हो म्हणत होता, ना नाही.

तुमचा मुलगा, माझा धाकटा भाऊ, मात्र भरपूर बोलत होता.

पण आधी तुमचं. लोक अजून म्हणतात, शेवटी शेवटी तुम्हाला विसरायला व्हायचं. कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्यावर जन्मभर दिवाणजी राहिलेला माणूस, रुमालाखाली हात घालून समोरच्याच्या बोटांवरून त्याच्या पोटातलं ओळखणारा, शेठच्या मुलानं एके दिवशी "काका, आता घरी बसा, आराम करा" म्हटल्यावर खरंच घरी येऊन बसला. रुमालाखाली भाव ठरवायची ती रीत बंद होत चालली होती. व्हायलाच हवी होती, बाबा, आज मला ते कळतं. ज्याचा माल असायचा त्यालाच खाली काय शिजतंय ते दिसायचं नाही. पण रीत गेली आणि तिच्याबरोबर तुमच्या हातांचं कामही गेलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तुम्ही गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागलात. आंघोळीची आठवण करून द्यावी लागायची. शेजारच्यांचं नाव विसरलात. एकदा दूध आणायला गेलात आणि सेक्टरच्या बागेत बसून रिकामे परत आलात. काही विचारलं की म्हणायचात, "माहीत नाही." जेवण कसं झालंय? माहीत नाही. आज वार कुठला? माहीत नाही. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली आणि आईला सांगितलं, वय झालंय, असं होणारच. नातेवाइकांनी म्हातारचळ म्हटलं. धाकट्यानं हसून म्हटलं, "बाबांची बॅटरी उतरली." तो वाईट नव्हता, घाबरला होता. आमच्या पिढीचे पुरुष घाबरले की विनोद करतात.

एका सकाळी मी माहेरी आले होते. तुम्हाला चहा विचारला. उत्तर नाही. दोनदा विचारला. तुमची नजर समोरच्या पाण्याच्या टाकीवर. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तुमच्याच खांद्यावरचा पंचा ओढून तुमच्या हातावर टाकला आणि खालून एक बोट दाबलं. एक चमचा साखर? तुमचा हात गार होता. बराच वेळ काही नाही. मग हळूच माझी दोन बोटं धरली गेली. मधुमेहामुळे आईनं साखर तोडली होती, म्हणून मी पुन्हा एकच दाबलं. तुम्ही एक बोट धरलंत आणि दुसऱ्या बोटाचं अर्धं पेर. दीड! बाबा, तुम्ही दीड चमच्यावर तोडगा काढत होता. तोंडावर एक रेष हलली नव्हती, आणि खाली माझा बाप दर पाडून घेत होता. मी पंजा धरला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी रडले.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "सवय असते हो, हाताची." तुम्ही पुढच्या वर्षी गेलात. धाकटा लोकांना सांगायचा, "शांत गेले." शांत नाही, गप्प गेलात. या दोन्हींत फरक आहे, आणि तो फरक कुणीतरी शोधला पाहिजे असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

मग माझी पाळी आली. हे गेले, त्यानंतरच्या थंडीत. मी बँकेतून निवृत्त झाले होते, घरात कामं होती, मुलगा-सून बरोबर होती. तरी एक दिवस कुकर लावला आणि त्यात तांदूळ घालायचेच राहिले. नुसत्या पाण्याला शिट्ट्या. सुनेनं झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघितलं, ते बघणं मी ओळखलं. तसंच आम्ही तुमच्याकडे बघायचो. दुधाची पिशवी फ्रिजऐवजी कपाटात. भाजीवाल्याला पैसे दिले की नाही, माहीत नाही. आज वार कुठला, माहीत नाही. मुलानं एक अक्षर न बोलता सुट्टी टाकली आणि मला त्या संस्थेच्या दवाखान्यात नेलं. मला वाटलं, संपलं. आता मलाही गॅलरीत खुर्ची.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, लातूरकडची. हातात पेन होतं, पण ते खाली ठेवून तिनं पहिल्यांदा विचारलं, "काकू, वाईट वाटतंय का हो? बऱ्याच दिवसांपासून?"

एवढंच. तुम्हाला हे कुणी विचारलं नव्हतं, बाबा. डॉक्टरांनी नाही, आईनं नाही, मी नाही. मी इतकी रडले की तिनं टेबलावरचा सगळा कागदी रुमालांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "रडा निवांत. आज माझे पेशंट कमी आहेत." बाहेर रांग लागली होती, मी येताना पाहिली होती.

गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं, सकाळी खाडीकाठी चालणं सुरू झालं. उन्हाळा येईपर्यंत वार आठवायला लागले. कुकरमध्ये तांदूळ जायला लागले. तिनं समजावून सांगितलं ते तुम्हाला सांगते. मन काळवंडलं की मेंदू लक्ष देणं सोडतो, आणि जिकडे लक्षच गेलं नाही ते साठत नाही. मग ते आठवणार कुठून? बाहेरून ते थेट विसराळूपणासारखं दिसतं. कधी नुसती उदासीच असते आणि उपचारानं माणूस परत येतो. कधी उदासी ही पुढच्या आजाराची चाहूल असते. कधी दोन्ही एकात एक गुंतलेलं असतं. "कुठला धागा कुठला, हे आम्हाला अजून नीट कळत नाही," ती म्हणाली. इतक्या शिकलेल्या मुलीच्या तोंडून 'कळत नाही' ऐकून मला फार बरं वाटलं. तुम्हाला बघणारे सगळे कळल्यासारखे बोलायचे.

मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं. दीड चमचा साखर सांगितली. मला वाटलं ती उडी मारून म्हणेल, बघा, तुमचे वडील शाबूत होते! ती म्हणाली, "काकू, हाताला मुरलेल्या गोष्टी फार उशिरा जातात. नुसत्या त्यावरून काही सिद्ध होत नाही."

मला राग आला. "त्यांनी दीडवर तोडलं. ती सवय नव्हती, तो हिशेब होता."

"असेलही. पण मी त्यांना बघितलं नाही. खोटं कसं सांगू?"

"मग सिद्ध कशानं झालं असतं?"

"खरं सांगायचं तर, मेंदू बघितल्यावर. आणि तो बघायला कुणी देत नाही. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचे मेंदू आम्हाला मिळतात तरी किती? तिकडच्या लोकांवरून इकडचे अंदाज बांधत बसतो आम्ही."

घरी येताना रिक्षात माझ्या डोळ्यांसमोर तुमची चिता होती. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी तुमच्या कवटीत होतं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, साजूक तूप घालून, ते जाळलं. आम्हाला माहीत नव्हतं. पण मला आता माहीत आहे. आणि माहीत असून मी माझं उत्तर जाळू देणार नाही. माझ्या डोक्यात उदासी येऊन गेली आहे, कदाचित पुन्हा येईल. तिनं जाताना काही खुणा ठेवल्या का, की ती पुसून गेली, हे बघायला कुणाला तरी मिळू दे. कुणाच्या तरी बापाच्या 'माहीत नाही'कडे पुढच्या वेळी कुणी डॉक्टर नीट बघेल.

परवा धाकटा पुण्याहून आला तो हेच ऐकून, तयारीनं. जेवताना सुरू झाला. "ताई, लोक डोळे देतात ते समजतं. डोकं कुणी देतं का?"

"तुझं कुणी मागितलं नाही म्हणून जळतोस."

"चेष्टा करू नकोस. अर्धवट देहाला अग्नी देतात का? आपल्या घरात असलं कधी झालं नाही."

"आपल्या घरात मुलीला कॉन्व्हेंटमध्येही कुणी घातलं नव्हतं. बाबांनी घातलं. तेव्हाही आत्या असंच म्हणाली होती."

"बाबांना मध्ये आणू नकोस. तू सगळ्यांना सांगत सुटली आहेस की बाबांना डिप्रेशन होतं. काही डिप्रेशन-बिप्रेशन नव्हतं त्यांना. म्हातारपण होतं. देवमाणूस होता तो, उगाच वेड्यांच्या यादीत घालतेस."

मी पोळीचा तुकडा खाली ठेवला. बाबा, मला तुमच्या देवपणाचा कंटाळा आला आहे. देवाला वाईट वाटत नाही, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. मला तुम्ही माणूस म्हणून हवे आहात, खचलेले, गप्प बसलेले, आणि तरी दीड चमच्यासाठी झगडणारे. मी त्याला म्हटलं, "उदास असणं म्हणजे वेडं असणं नाही. मी होते. अजून गोळी घेते, रोज, तुझ्यासमोर घेऊ का?" तो माझ्या मुलाकडे वळला. "तू बोल काहीतरी! तुझी आई आहे."

माझा मुलगा ऐरोलीत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवसभर बोलतो म्हणे, मीटिंगमध्ये. घरी तुमच्यावर गेलाय. ताटातल्या भातावर बोटानं रेघा ओढत बसला होता. त्याचा तो खाली घातलेला चेहरा पाहिला आणि मला कळलं, याला तोंडानं विचारून काही होणार नाही. मी उठले, कपाटातून पंचा आणला, आणि त्याच्या डाव्या हातावर टाकून खाली माझा हात घातला.

तो शाळेत जायच्या आधी तुम्ही त्याला हे शिकवलं होतं. किती गोष्टी सांगू, किती बिस्किटं, यावर तुम्ही तासन्‌तास झगडायचात. मला खात्री नव्हती त्याला आठवत असेल.

"हे काय चाललंय?" धाकटा म्हणाला.

"भाव चाललाय. तू जेव."

मी काही दाबलं नाही. नुसता हात उघडा ठेवला. त्याचा हात आधी दगडासारखा होता. सुनेनं आमटी वाढायची थांबवली होती. मग त्यानं माझं एक बोट धरलं, करंगळी, आणि घट्ट दाबलं. एक. काहीतरी एक हवं होतं त्याला. बाजारातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं आधी विचारलं असतं, एक काय? मी विचारलं नाही. त्याचं बोट उलट दाबलं: दिलं. तुम्ही रागावला असता. आणि मग, बाबा, त्यानं माझा सगळा पंजा धरला.

"काय ठरलं?" धाकट्यानं विचारलं.

माझा मुलगा पहिल्यांदा वर बघून बोलला. "मामा, बाजारात तिसऱ्याला सांगत नाहीत."

धाकटा गेल्यावर स्वयंपाकघरात मुलाला विचारलं, "ते एक बोट कशाचं होतं रे?" तो ओटा पुसत होता, पाठ माझ्याकडे. म्हणाला, "चेहरा तसाच दिसला पाहिजे. मला शेवटचं नीट बघायचंय." मी सांगितलं, दिसेल, मी विचारून घेतलंय, काही कळतसुद्धा नाही. तो म्हणाला, "मग झालं." आणि ओटा पुसत राहिला, पुसलेलाच.

तर आता कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, कारण सौदा झाल्यावर माल पोचवण्यात घोळ नको.

मेंदू संस्थेला. मुलानं फोन करायचा, रडून झाल्यावर नाही, आधी. डोळे नेत्रपेढीला, ते नेणारे वेगळे लोक येतील, त्यांनाही चहा विचारावा. उरलेली मी अग्नीला, तूप नेहमीइतकंच. सुनेला माझा दगडी खलबत्ता, कारण मिक्सरमधल्या लसणाच्या चटणीला ती आणि मी दोघीही चटणी म्हणत नाही. नातीला माझा शाळेचा निळा बिल्ला. आणि तिला सांगावं की सिस्टर वर्गात आल्या की आम्हाला "हँड्स ऑन द डेस्क, गर्ल्स" म्हणायच्या, हात दिसले पाहिजेत, पण तिच्या पणजोबांची शाळा नेमकी उलटी होती आणि मला दोन्ही शाळा उपयोगी पडल्या. धाकट्याला तुमचा हार घातलेला मोठा फोटो. त्यानं तो घरात लावावा आणि रोज एकदा त्याच्याकडे बघून विचारावं, बाबा, वाईट वाटत होतं का? उत्तर येणार नाही. तरी विचारावं.

पंचा त्या लातूरच्या डॉक्टरणीला. देताना मुलानं तिला एक गोष्ट सांगायची, जी मी अजून सांगू शकलेले नाही. ती दर खेपेला मला पाच शब्द सांगते, मग इकडची तिकडची कामं देते, शंभरातून सात सात वजा करायला लावते (ते मी मनात इंग्रजीत करते, त्याला इलाज नाही), आणि मग ते पाच शब्द परत विचारते. गेल्या दोन्ही खेपांना मी पाचही सांगितले. ती खूश होऊन म्हणाली, "काकू, तुमची आठवण तर माझ्यापेक्षा चांगली आहे." तिनं तसं लिहूनही घेतलं.

बाबा, ते शब्द मला आठवत नव्हते. टेबलाखाली, पदराच्या आत, मी एकेक शब्द तुमच्या एकेका बोटाला दिला होता. कंदील अंगठ्याला, पेरू त्याच्या शेजारच्याला, नदी मधल्याला. विचारलं तेव्हा मी तुमचा पंजा धरला आणि तुम्ही एकेक करून परत दिलेत. त्या मार्कांतले माझे किती आणि तुमचे किती, हे माझं डोकं उघडून त्यांनाच बघू दे.